श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर : चाकरी सुटल्यानंतरची चाकरी

माणूस जन्मभर चाकरी करतो. कोणी सरकारची करतो, कोणी सावकाराची, कोणी गिरणीची, कोणी शाळेची. आणि शेतकरी तर काळ्या आईचा जन्माचाच चाकर. ही चाकरी चालू असते तोवर दिवस कधी उगवला आणि कधी मावळला हे कळत नाही. मग एक दिवस येतो. चार माणसे जमतात, गळ्यात हार घालतात, हाती नारळ देतात, दोन गोड शब्द बोलतात आणि माणूस घरी येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग येते खरी, पण मनात विचार येतो, आता उठून जायचे कोठे?

वाचकहो, हा प्रश्न दिसायला लहान, पण भल्याभल्यांना तो पोखरून काढतो. घरातील मुले-सुना प्रेमानेच म्हणतात, ‘बाबा, पुष्कळ केलंत, आता स्वस्थ बसा.’ परंतु स्वस्थ बसणे हेच पुष्कळांना सर्वांत कठीण जाते. ज्याच्या एका शब्दावर दहा माणसे उठत होती, त्याला आता चहा दुसऱ्यांदा मागावा की न मागावा याचा विचार पडतो. मग कोणी चिडचिडा होतो, कोणी जुन्या अधिकाराच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत बसतो, कोणी आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असे मनाशी घेऊन झुरत राहतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संप्रदायात एका थोर पुरुषाने स्वतः जगून दाखविले आहे. त्यांचे नाव आषाढीच्या वाटेवर लाखो वारकरी दरसाल घेतात. आळंदीला गेलेल्या प्रत्येकाने त्यांचे दर्शन घेतलेले असते. ते म्हणजे श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर. माउलींच्या पालखी सोहळ्याचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण हे एवढे मोठे कार्य त्यांच्या हातून घडले ते ऐन उमेदीत नाही. एक अख्खे आयुष्य दुसऱ्याच चाकरीत घालविल्यानंतर, उरलेल्या आयुष्यात घडले, ही गोष्ट आपल्या ध्यानात फारशी येत नाही. तीच आज थोडी उलगडून पाहू.

सातारा जिल्ह्यात कृष्णामाईच्या खोऱ्यात आरफळ नावाचे गाव आहे. तेथील पवार घराण्यात हैबतरावांचा जन्म झाला. त्या काळी मऱ्हाठी मुलखातील धाकट्या-थोरल्या घराण्यांतील कर्त्या मुलांना एकच मोठी वाट दिसत असे, ती तलवारीची. कोणी पेशव्यांकडे जाई, कोणी गायकवाडांकडे, कोणी होळकरांकडे, तर कोणी शिंद्यांकडे. हैबतराव शिंदे सरकारच्या पदरी राहिले आणि ग्वाल्हेरीकडे सरदारकीला चढले.

तो काळ मोठा उलथापालथीचा. १७९४ साली महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस निवर्तले आणि दौलतराव गादीवर आले. १८०३ साली असई आणि लासवारी येथे इंग्रजांशी झालेल्या लढायांत शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. १८१७ साली ग्वाल्हेरचा तह झाला, आणि पुढल्याच साली, १८१८ मध्ये, पुण्याची पेशवाई संपली. ज्या राज्यासाठी हजारो मऱ्हाठ्यांनी घोड्यावर आयुष्य काढले, ते राज्यच एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलून गेले. अशा वेळी चाकरीतून मोकळ्या झालेल्या शिपाईगड्याची मनःस्थिती काय होत असेल बरे? नुसती नोकरी सुटली असती तर एक गोष्ट. येथे ज्या कामाला मोल होते, त्या कामाचा काळच सरत चालला होता. आजही गिरण्या बंद पडल्या, कारखाने उठले, हातातले कसब बाजारातून नाहीसे झाले, म्हणजे माणसाला हाच अनुभव येतो.

हैबतरावांनी चाकरीचा निरोप घेतला आणि ते आपल्या गावाकडे निघाले. मनात विचार सरळच असणार : गावी जावे, कमाविलेले चार पैसे गाठीला आहेत, घरादारात उरलेले दिवस सुखाने काढावेत. यात वावगे ते काय? निवृत्त झालेला प्रत्येक माणूस हाच बेत करतो.

परंतु माउलींचा बेत निराळा होता. आपल्या संप्रदायात परंपरेने सांगतात ते असे. माळवा मागे टाकून, नर्मदा ओलांडून ही मंडळी सातपुड्याच्या रानात आली. तेथे भिल्लांच्या एका टोळीने त्यांना गाठले. जवळचे होते नव्हते ते गेले, आणि सर्वांना एका गुहेत कोंडून तोंडावर मोठी शिळा लोटली. आत अंधार, अन्न नाही, पाणी नाही, बाहेर जाण्याची आशा नाही.

आता पाहा, त्या गुहेत हैबतरावांची सरदारकी काय कामाची होती? हातातली तलवार गेली होती. कमरेचा कसा गेला होता. शिंदे सरकारचा हुकूम त्या शिळेपाशी चालत नव्हता. जन्मभर कमाविलेले सारे त्या शिळेच्या बाहेर राहिले, आणि आत एकच गोष्ट आली : मुखी असलेला ज्ञानोबारायांचा हरिपाठ. ती काही कोणाला काढून घेता आली नाही. हैबतरावांनी हरिपाठ सुरू केला आणि तो अखंड चालविला. एकवीस दिवस असे गेले म्हणतात.

इकडे त्या भिल्ल नायकाच्या घरी मुलगा झाला. पुत्रजन्माचा आनंद झाला म्हणजे कठोराचेही काळीज मऊ होते. नायकाला गुहेतल्या माणसांची आठवण झाली. शिळा बाजूस सारून पाहतो तो आतून हरिनाम ऐकू येत होते. त्याने त्यांना सन्मानाने मोकळे केले. कथा अशी आहे. कोणी तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहील, कोणी माणुसकीची गोष्ट म्हणून पाहील; दोन्ही अर्थांनी ती गोडच आहे. आपल्याला येथे पाहायचे आहे ते गुहेतून बाहेर पडल्यावर हैबतरावांनी काय केले ते.

कारण खरा प्रसंग गुहेत घडला नाही, तो बाहेरच्या वाटेवर घडला. संकट आले म्हणजे देव सर्वांनाच आठवतो. नवस सर्वच बोलतात. संकट टळले म्हणजे मात्र नवसाचा नारळ आज फोडू, उद्या फोडू असे होते. हैबतराव त्या वाटेने खाली आले. पुढे आरफळची वाट होती आणि आळंदीचीही होती. ज्या माउलीच्या हरिपाठाने आपल्याला अंधारात धरून ठेवले, तिच्या पायांपाशी उरलेले आयुष्य घालवायचे, असे त्यांनी ठरविले आणि ते तडक श्रीक्षेत्र आळंदीस आले. सरदार हैबतराव पवार वाटेत कोठेतरी राहिले. इंद्रायणीत स्नान करून समाधीपुढे उभे राहिले ते हैबतबाबा.

आळंदीत येऊन बाबांनी काय केले? मठ बांधला नाही, गादी घातली नाही, शिष्य गोळा केले नाहीत. त्यांनी एक नेम धरला. रात्री माउलींची शेजारती झाली, देऊळ शांत झाले, माणसे आपापल्या बिऱ्हाडी गेली, म्हणजे बाबा समाधीसमोर भजनाला उभे राहत, ते पहाटेच्या काकड्यापर्यंत. सारी रात्र भजन. रोज.

ह्यात एक मर्म आहे. बाबा जन्माने आणि कर्माने शिपाई. शिपायाला रात्रीचा पहारा ठाऊक असतो. धनी निजला असता डोळ्याला डोळा न लावता जागे राहायचे, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले असते. बाबांनी पहारा सोडला नाही. फक्त ज्याच्या दारी पहारा करायचा तो धनी बदलला. पूर्वी छावणीत हत्यार घेऊन जागत, आता राउळात टाळ-वीणा घेऊन जागू लागले. म्हातारपणी झोप कमी होते ही तक्रार आपण सारेच करतो. बाबांनी त्या जागेपणाचेच सोने केले.

येथेच त्यांचे चरित्र संपले असते तरी ते वंदनीय ठरले असते. एक निवृत्त सरदार, त्याने उर्वरित आयुष्य भजनात घालविले, किती चांगली गोष्ट! पण पुढे जे झाले त्याने आपल्या संप्रदायाचे रूपच पालटले.

पंढरीची वारी फार पुरातन. ज्ञानोबारायांच्या आधीपासून ती चालत आली आहे. आषाढीला माउलींच्या पादुका पालखीत घालून नेण्याची रीत मात्र तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज देहूकर यांनी घातली. १६८५ साली त्यांनी देहूहून तुकोबारायांच्या पादुका घेतल्या, आळंदीस येऊन ज्ञानोबारायांच्या पादुका घेतल्या, आणि दोन्ही एकाच पालखीत ठेवून पंढरीस नेल्या. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा आपला जयघोष त्या एका पालखीने घरोघर पोचविला. पुढे दीडशे वर्षांच्या सुमारास वहिवाटीचे आणि मानाचे प्रश्न निर्माण झाले, मंडळींत मतभेद झाले. देवाच्या दारीसुद्धा माणसे माणसेच असतात, त्याला इलाज नाही.

आता बाबांपुढे दोन वाटा होत्या. आपण बरे, आपले भजन बरे, ही एक. उतारवयात कोण त्या वादात पडतो? आयुष्यभर लढाया आणि भांडणे पाहून आलेल्या माणसाला तर शांततेची भूक अधिकच असते. दुसरी वाट अशी, की माउलींचा सोहळा खंडित होऊ नये, एवढ्यासाठी आपले विसाव्याचे दिवस पुन्हा धकाधकीत घालायचे. बाबांनी दुसरी वाट धरली. भांडणात जिंकण्यासाठी ते उतरले नाहीत. आळंदीहून माउलींची पालखी स्वतंत्र न्यावी आणि देहूहून तुकोबारायांची पालखी आपल्या परंपरेने जावी, अशी व्यवस्था झाली. हा स्वतंत्र सोहळा १८३२ च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. दोन्ही पालख्या आजही निघतात, पुण्यात मुक्कामाला येतात, पुढे वेगळ्या वाटांनी जातात आणि शेवटी पंढरीच्या अलीकडे वाखरीला एकत्र येतात. भांडणातून फूट पडायची, तिच्या जागी दोन वाहते प्रवाह झाले.

पण पालखी न्यायची म्हणजे काय तोंडच्या गप्पा? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. आषाढाचा तोंडावरचा पाऊस. दिवे घाटाची चढण, नीरेचे पाणी. हजारो माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या बाया. त्यांचे जेवणखाण, मुक्काम, शिस्त हे सारे सांभाळायचे. वैराग्य कितीही असले तरी एवढ्याने हे काम होत नाही, त्याला कसब लागते. आणि ते कसब बाबांपाशी होते. हजारोंचे लष्कर एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला कसे हलवायचे, हे त्यांनी उभ्या हयातीत दुसरे काय पाहिले होते?

बेळगाव भागातील अंकलीचे शितोळे सरदार हे शिंद्यांचे सोयरे. महादजींची कन्या बाळाबाई ही शितोळ्यांच्या घरात दिलेली. बाबांनी ह्या शितोळे सरकारांचे साह्य मिळविले. त्यांच्याकडून सोहळ्यासाठी घोडे आले, तंबू आला, नैवेद्याची व्यवस्था झाली. वासकर, खंडोजीबाबा अशा थोर वारकरी मंडळींनी भजनाच्या बाजूने हात दिला. चाकरीत असताना जोडलेली माणसे चाकरी सुटल्यावर कामाला आली, पण ती स्वतःच्या कामाला लावली नाहीत, माउलींच्या कामाला लावली.

मग सोहळा कसा लागला ते पाहा. आपण दरसाल पाहतो म्हणून त्याचे नवल वाटत नाही, पण एकदा शिपायाच्या डोळ्यांनी पाहा. सकाळी निघताना तुतारीचे तीन इशारे होतात. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी, तिसऱ्याला कूच. पुढे अश्व चालतात, एकावर स्वार आणि जरीपटका, दुसरा मोकळा. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, आणि तिने आपली जागा सोडायची नाही. रथापुढे सत्तावीस मानाच्या दिंड्या आणि मागे वीस, हा क्रम आजही चालतो. दिंडीच्या आतही रचना ठरलेली : पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, त्यामागे विणेकरी, आणि मागे डोईवर तुळस घेतलेल्या मायबहिणी. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे हेही ठरलेले. उतरण्याच्या जागेला नाव सुद्धा तेच, ‘तळ’. जसा फौजेचा तळ, तसा पालखीचा तळ.

आणि संध्याकाळची ती समाज आरती! तळावर पालखी येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि एका क्षणात लाखोंचा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, सर्वांसमक्ष त्याचा निवाडा होतो. हरवले-सापडलेले पुकारतात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगतात, आणि मग माउलींची आरती होते. दिवसाचे भांडण दिवसाला मिटते, ते दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर न्यायचे नाही. पोलीस नाही, कचेरी नाही, कागद नाही, आणि तरी शिस्त अशी की मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी येऊन पाहावी.

फौजेत ही शिस्त भयाने चालते. चुकला त्याला शिक्षा. बाबांच्या घडणीतून जी शिस्त आली ती प्रेमाने चालते. त्यांनी फौजेचा सांगाडा तेवढा घेतला आणि आतले काळीज बदलले. तुतारी तीच, पण ती आता लढाईला बोलावीत नाही. घोडा तोच, पण त्याच्या पाठीवर सरदार बसत नाही. तो माउलींचा म्हणून मोकळा धावतो आणि रिंगणात त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ज्या विद्येने आजवर मुलूख मारला, त्याच विद्येने माणसे सांभाळली. म्हणून म्हणतो, निवृत्तीचा अर्थ हातातले कसब टाकून देणे असा बाबांनी केला नाही. त्यांनी ते कसब धुऊन घेतले आणि देवाच्या कामी लावले.

ही घडी कशी बसली याचा पुरावा काळाने दिला आहे. जवळजवळ दोनशे वर्षे झाली. राज्ये बदलली, इंग्रज आले आणि गेले, दुष्काळ पडले, साथी आल्या, पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवायचे हे चुकले नाही. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही, तेव्हाही पादुका एसटीच्या गाडीने पंढरीस नेल्या, पण नेमाला खंड पडू दिला नाही. अंकलीहून शितोळ्यांचे अश्व आजही आळंदीस चालत येतात. आरफळकरांच्या घराण्याकडे सोहळ्याच्या मालकीचा मान आजही आहे.

आता शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट. एवढे उभारल्यावर बाबांनी स्वतःसाठी काय मागितले? आळंदीला महाद्वारातून आपण आत जातो तेव्हा पहिली पायरी लागते. तीच हैबतबाबांची पायरी. पंढरीस जशी नामदेवरायांची पायरी, तशीच आळंदीला ही. माउलींच्या दर्शनाला येणाऱ्या वारकऱ्याची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढेच त्यांना हवे होते. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा असतो. त्या सोहळ्याचा आरंभ अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनानेच होतो.

ज्याने हजारोंना हुकूम केले, तो शेवटी पायरी झाला. ह्यात दुःख नाही, कमीपणा नाही. म्हातारपणाचा खरा सल असा असतो, की काल मी शिखरावर होतो, आज मला कोणी विचारीत नाही. बाबांनी शिखराची आशाच सोडून दिली. पायरीला कोणी विचारो न विचारो, तिच्यावर पाय दिल्यावाचून कोणाला आत जाता येत नाही. घरातल्या वडीलमाणसाने असेच व्हावे. मुला-नातवंडांच्या डोक्यावर बसू नये; त्यांना वर चढायला आपला आधार द्यावा.

येथे एखादा वाचक विचारील, ‘महाराज, बाबा घरी गेलेच नाहीत. मग आम्हीही पेन्शन झाल्याबरोबर घर सोडून आळंदीला जाऊन बसावे काय?’ प्रश्न रास्त आहे. तर नाही, तसे कोणी म्हणत नाही. आपला संप्रदाय प्रपंची माणसांचा आहे. तुकोबारायांना संसार होता, एकनाथमहाराजांना संसार होता, सावतामहाराज तर मळ्यातून हलले नाहीत. बाबांचे अनुकरण करायचे ते घर सोडण्यात नाही. ज्याला म्हातारी आई आहे, आजारी पत्नी आहे, अडचणीतला मुलगा आहे, त्याची आळंदी त्याच्या घरीच आहे. बाबांकडून घ्यायचे ते दुसरेच.

पहिले हे, की नेम धरावा. बाबांनी रात्रीच्या भजनाचा नेम धरला. आपल्याला सारी रात्र जमणार नाही, पण ठरल्या वेळी हरिपाठ तर जमेल? चाकरीत घड्याळ दुसऱ्याचे होते, आता आपले आहे. दिवसाला एक खुंटी असली म्हणजे उरलेला दिवस तिच्यावर नीट टांगला जातो. दुसरे हे, की आपल्या कसबाला नवा धनी शोधावा. हिशेबनीस असेल त्याने दिंडीचा जमाखर्च पाहावा. मास्तर असेल त्याने गावातल्या पोरांना हरिपाठ आणि अक्षरे दोन्ही शिकवावी. कंपाउंडर असेल त्याने वाटेवर वारकऱ्यांचे फोड बांधावे. गवंड्याने देवळाची भिंत पाहावी, आचाऱ्याने पंगतीचे पाहावे. शेतकऱ्याला तर निवृत्तीचा कागद कधी मिळतच नाही, आणि आमच्या मायबहिणींना चुलीपासून सुटका कोण देतो? त्यांनी नातवंडाला मांडीवर घेऊन एक अभंग शिकविला, तरी ती बाबांच्याच वाटेवरची चाकरी झाली. ज्याला पाय उरले नाहीत त्याने दारावरून जाणाऱ्या दिंडीला तांब्याभर पाणी द्यावे.

घरच्या तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. म्हाताऱ्याला ‘स्वस्थ बसा’ म्हणताना आपण त्याचे कष्ट वाचवितो असे आपल्याला वाटते. कधी कधी आपण त्याचा आधार काढून घेत असतो. त्याला झेपेल असे काम त्याच्या हाती राहू द्या. त्याला विचारा. हैबतबाबांना आळंदीत कोणी ‘तुम्ही आता वयस्क, गप्प बसा’ म्हणून बसविले असते, तर आज आपण कोणाच्या मागे चाललो असतो?

सप्ताहात विणेचा पहारा असतो. वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. नाद थांबत नाही. ज्याने वीणा दिली तो काही मांडवाबाहेर जात नाही. तो मागे येतो, टाळ घेतो आणि त्याच भजनात पुन्हा उभा राहतो. चाकरी सुटणे म्हणजे एवढेच. एक वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली, आपल्या हाती टाळ आला. हैबतबाबांनी तो टाळ असा वाजविला की त्याचा नाद आळंदीपासून पंढरीपर्यंत अजून घुमतो आहे.

पुढल्या खेपेला आळंदीस जाल तेव्हा महाद्वाराशी क्षणभर थांबा. त्या पायरीवर डोके ठेवा, आणि मग आत जा. माउली आत वाट पाहत आहेत.

रामकृष्णहरि.